थेंब बारीक झाला, तेल तेच राहिलं

पत्र

मी ३१ वर्षांची आहे. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मुरुमं येतात. डॉक्टरांनी अ‍ॅडापलीनचं जेल दिलं होतं, पण त्याने चेहरा सोलवटला, म्हणून दहा दिवसांत बंद केलं. मग टी ट्री ऑइल आणलं आणि कापसाच्या बोळ्याने थेट पुटकुळ्यांवर लावू लागले. दोन-तीन महिने छान गेले. मग एकदा लावल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रचंड खाज सुटली, बारीक पुरळ आलं, पापण्यासुद्धा सुजल्या. बरं झाल्यावर पुन्हा लावून पाहिलं, तर तेच. बाटली दोन वर्षांपूर्वीची आहे आणि न्हाणीघराच्या खिडकीत असते. आता वाचते आहे की याच तेलाचं ‘नॅनोइमल्शन’ मिळतं, ते त्वचेला त्रास न देता खोल पोचतं. घ्यावं का? भाऊ म्हणतो, विकत कशाला, पाणी आणि तेल मिक्सरमधून काढू. शिवाय माझी भाची चार वर्षांची आहे. तिला कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खोबणीत इसब आहे. बहिणीला स्टेरॉइडच्या मलमाची भीती वाटते. तिच्यासाठी लॅव्हेंडरचं नॅनो क्रीम चालेल का?

— नॅनोच्या मोहात पडलेली मावशी

उत्तर

प्रिय मावशी,

उत्तर आधी देते, कारणं मागाहून. तुम्ही ते घेऊ नका, भावाला मिक्सर लावू देऊ नका आणि भाचीच्या अंगाला तर ते मुळीच लागू देऊ नका. तरीही हे तंत्र थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. औषध कुठल्या रूपात द्यावं, मलमातून, जेलमधून की इमल्शनमधून, याच खटाटोपात माझी बरीच वर्षं गेली आहेत. नॅनोइमल्शन मला मनापासून आवडतं. म्हणूनच त्याच्या नावावर काय काय खपवलं जातं ते पाहून जीव जळतो.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तुम्ही सहज लिहून गेलात. दोन-तीन महिने काही झालं नाही आणि मग अचानक, तेही लावल्याच्या दुसऱ्या दिवशी, खाज सुटली. तेल नुसतं तिखट लागलं असतं तर पहिल्याच आठवड्यात, लावल्या लावल्या चुरचुरलं असतं, जिथे लावलं तिथेच लाल झालं असतं आणि थांबवल्यावर निवलं असतं. तुमचा घटनाक्रम वेगळा आहे. आधी शरीराने त्या तेलातल्या एखाद्या घटकाची ओळख करून घेतली. त्याला वेळ लागतो आणि त्या काळात बाहेर काहीच दिसत नाही. एकदा ओळख पटली की पुढच्या प्रत्येक भेटीला प्रतिकारशक्तीच्या पेशी धावून येतात. त्यांना जमायला एक ते तीन दिवस लागतात, म्हणून पुरळ उशिरा येतं. आणि जिथे लावलंच नाही अशा पापण्याही सुजतात, कारण तिथली कातडी शरीरात सगळ्यात पातळ, हाताला राहिलेला अंशही तिला पुरतो. याला संपर्कजन्य अ‍ॅलर्जी म्हणतात. पत्रावरून मी निदान करणार नाही, पण त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलात तर पहिला संशय हाच येईल. ही ओळख बहुधा आयुष्यभर पुसत नाही.

तुमच्या बाटलीनेही यात हातभार लावला असणार. टी ट्रीचं ताजं तेल तसं बरंच सौम्य असतं. पण उजेड, उष्णता आणि हवा मिळाली की त्यातले टर्पीन, म्हणजे तेलाला वास देणारे रेणू, ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि पेरॉक्साइडं, अ‍ॅस्कॅरिडोल असे पदार्थ तयार होतात. अ‍ॅलर्जी घडवण्यात हे मूळ तेलापेक्षा पुष्कळ पुढे आहेत. न्हाणीघराची खिडकी, दोन वर्षं आणि सारखं उघडलं जाणारं झाकण म्हणजे तेल बिघडवायची पुरी तयारीच. लॅव्हेंडरचंही असंच. त्यातल्या लिनॅलूलचं हवेत हायड्रोपेरॉक्साइड होतं. संत्र्या-लिंबाच्या सालीच्या तेलातल्या लिमोनीनचीही गत तीच. ‘वनस्पतीचं आहे, त्याने काय होतंय’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय! या वनस्पती ही तेलं बनवतात ती बहुतांशी किडीला आणि बुरशीला हाकलायला. आपल्या गालांचा विचार त्यांनी केलेला नाही.

आता नॅनोइमल्शनकडे येऊ. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना जबरदस्तीने नांदवायचं तर तेलाचे बारीक थेंब करायचे आणि प्रत्येक थेंबाभोवती पृष्ठसक्रियकाचं, म्हणजे साबणाच्या जातीच्या पदार्थाचं, कुंपण घालायचं. त्याचं एक टोक तेलात रमतं, दुसरं पाण्यात. साध्या लोशनमध्ये थेंब काही मायक्रोमीटरचे असतात (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग आणि नॅनोमीटर त्याचाही हजारावा). नॅनोइमल्शनमध्ये ते साधारण २० ते २०० नॅनोमीटरवर आणले जातात. माणसाच्या केसाची जाडी ८०,००० नॅनोमीटरच्या आसपास धरली तर १०० नॅनोमीटरचे ८०० थेंब ओळीने मांडावेत तेव्हा एका केसाची रुंदी भरेल. दहा मायक्रोमीटरचा एक थेंब फोडून असे थेंब केले तर त्याचे दहा लाख तुकडे होतात आणि त्वचेला भिडणारा एकूण पृष्ठभाग शंभरपट वाढतो. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा थेंब लहान झाल्यामुळे दुधासारखा पांढरा दिसणारा द्राव पारदर्शक किंवा किंचित निळसर दिसू लागतो. यंत्राच्या तोंडाशी पांढरं पाणी डोळ्यांदेखत निवळत जातं तेव्हा अजूनही मला ती जादूच वाटते.

त्याचे फायदे खरे आहेत. उडून जाणारं तेल थेंबात थोडं जास्त काळ टिकतं, हवेशी त्याचा संबंध कमी येतो, अंगावर चिकट थर न होता ते एकसारखं पसरतं आणि पाण्यात न मिसळणारा पदार्थ पाण्यासारखा लावता येतो. प्रयोगशाळेत मुरुमांशी निगडित जिवाणूंवर आणि बुरशीवर असे थेंब अनेकदा कमी मात्रेतही काम करताना दिसले आहेत. अनेकदा म्हणते, नेहमी नाही. ट्वीन ८० हा नेहमीच्या वापरातला पृष्ठसक्रियक टी ट्री तेलाची जिवाणू मारायची ताकद उलट कमी करतो, हेही चाचण्यांत दिसलं आहे. कुंपण इतकं घट्ट की तेल आतच अडकून बसतं.

मग ‘खोल पोचतं’ या दाव्याचं काय? इथेच खरं घोडं पेंड खातं. त्वचेचा सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो, पण अडवण्यात पक्का. पेशी विटांसारख्या आणि त्यांच्यामधली चरबी चुन्यासारखी. औषधशास्त्रात ढोबळ नियम असा की ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक) जड रेणूला ही भिंत सहसा ओलांडता येत नाही. टी ट्रीतला मुख्य घटक टर्पिनेन-४-ऑल केवळ १५४ डाल्टनचा. लिमोनीन १३६. म्हणजे हे रेणू मुळातच इतके लहान आणि चरबीत रमणारे आहेत की त्यांना आत जायला नॅनोची गरजच नाही. उलट इतर औषधांना वाट करून द्यायला टर्पीन वापरतात. नॅनोचा थेंब सबंधच्या सबंध त्वचेतून आरपार जातो असं चित्र जाहिरातीत असतं, पण धडधाकट त्वचेत तसं होत नाही. थेंब वर पसरतो, केसांच्या मुळांशी असलेल्या खळग्यांत साठतो आणि त्यातले रेणू हळूहळू झिरपतात. मुरुमं त्याच खळग्यांत होतात, म्हणून मुरुमांसाठी ही कल्पना वेडगळ नाही.

पण झिरपतं ते सगळंच झिरपतं, मावशी. टर्पिनेन-४-ऑल आत जाईल तसंच ज्याने तुमच्या पापण्या सुजवल्या तेही जाईल. तुमच्या शरीराला थेंबाच्या आकाराशी देणंघेणं नाही, त्याला रेणूचा चेहरा पाठ झाला आहे. पोचवणारं वाहन जितकं चांगलं, तितकी अ‍ॅलर्जीही नेमकी पोचायची. ‘त्रास न देता खोल पोचतं’ या वाक्याचे दोन अर्धे एकमेकांशी भांडणारे आहेत. शिवाय थेंब लहान ठेवायला पृष्ठसक्रियक भरपूर लागतो आणि तो स्वतःही त्वचेची चरबी धुऊन नेतो. आधीच सोलवटलेल्या चेहऱ्यावर ते म्हणजे आगीतून फुफाट्यात.

टी ट्री तेलाची बाजूही मांडते, नाहीतर अन्याय होईल. १९९०मध्ये ऑस्ट्रेलियात १२४ मुरुमांच्या रुग्णांवर चाचणी झाली होती. एका गटाला ५ टक्के टी ट्री तेलाचं जेल, दुसऱ्याला ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड, म्हणजे मुरुमांवरचं नेहमीचं औषध. दोन्हींनी मुरुमं कमी झाली. तेलाला वेळ जास्त लागला, दुष्परिणाम मात्र कमी झाले. पायांच्या चिखल्यांवर २५ आणि ५० टक्के तेल वापरून झालेल्या चाचणीतही बुरशी हटली, पण काही जणांना इतका दाह झाला की तेल थांबवावं लागलं. लक्षात घ्या, हे सगळं साध्या तेलाचं आणि साध्या जेलचं. नॅनोइमल्शनांचे बहुतेक निष्कर्ष काचेच्या बशीतले, उंदरांवरचे किंवा मोजक्या माणसांवरचे आहेत. जाहिरातीत मात्र साध्या तेलाच्या चाचणीचा निकाल आणि नॅनोचं चित्र शेजारी शेजारी छापतात. वाचणारा ते दोन्ही एकच समजतो.

त्वचेवरचं खरंखुरं, नियामकांनी मान्य केलेलं नॅनोइमल्शन औषध आहेच. अमिनोलेव्हुलिनिक अ‍ॅसिडचं १० टक्क्यांचं जेल उन्हाने खरखरीत झालेल्या, कर्करोगाकडे झुकू शकणाऱ्या चट्ट्यांसाठी वापरतात. युरोपात त्याला २०११मध्ये आणि अमेरिकेत २०१६मध्ये परवानगी मिळाली. ते दवाखान्यात लावतात आणि त्यावर विशिष्ट प्रकाश टाकतात. त्यात नॅनो का, याचं उत्तर सरळ आहे. तो रेणू पाण्यात रमणारा, चरबीच्या भिंतीशी त्याचं जमत नाही, म्हणून त्याला वाहन हवं होतं. सुगंधी तेलाची अडचण ती नव्हतीच.

आणि बाटलीवर ‘नॅनो’ लिहिलंय ते तपासतं कोण? युरोपीय महासंघाच्या सौंदर्यप्रसाधनांच्या २००९च्या नियमावलीत नॅनो पदार्थांची नोंद घटकांच्या यादीत करावी लागते, पण व्याख्येत न विरघळणारे किंवा शरीरात टिकून राहणारे पदार्थ येतात. विरघळून, विखरून जाणारे तेलाचे थेंब सहसा त्यात बसत नाहीत. त्यामुळे बाटलीवरचा तो शब्द बहुतेक वेळा विक्रेत्याचाच. काही बाटल्यांत पृष्ठसक्रियकात विरघळवलेलं चिमूटभर तेल असतं. तेही पारदर्शक दिसतं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

भावाच्या मिक्सरबद्दल लिहिताना हसू येतंय, कारण हा प्रयोग मीही केला आहे, फक्त महागड्या यंत्रावर. मिक्सरच्या पात्यांनी थेंब मायक्रोमीटरपर्यंतच येतात. त्याखाली जायला ध्वनिलहरींचा दांडा किंवा शेकडो वातावरणांच्या दाबाने अरुंद फटीतून द्राव ढकलणारं यंत्र लागतं. एक मार्ग यंत्राविना आहे: तेल आणि पृष्ठसक्रियक नेमक्या प्रमाणात मिसळून पाण्यात सोडलं की थेंब आपोआप होतात. पण त्यासाठी पृष्ठसक्रियक एवढा ओतावा लागतो की आपण तेल लावतोय की साबण, असा प्रश्न पडावा. मी बनवलेली एक कुपी पहिल्या दिवशी काचेसारखी होती. कौतुकाने सगळ्यांना दाखवली. तिसऱ्या आठवड्यात ती गढूळ झाली आणि वर तेलाची कडी जमली. चूक माझी होती. सुगंधी तेलं पाण्यात अगदी थोडी का होईना विरघळतात. लहान थेंबातले रेणू पाण्यातून प्रवास करून मोठ्या थेंबाला जाऊन मिळतात, लहान आणखी लहान होतो आणि मोठा गलेलठ्ठ. याला ओस्टवाल्ड परिपक्वन म्हणतात. थोडं जड, पाण्यात न विरघळणारं तेल मिसळलं असतं तर हे रोखता आलं असतं. घरच्या बाटलीत याच्या जोडीला दुसरं संकट असतं. पाणी आलं की जंतू आले, आणि जंतुरोधकाचं प्रमाण घरी डोळ्यांच्या अंदाजाने ठरत नाही. भावाला सांगा, मिक्सर स्वयंपाकघरातच राहू दे.

आता भाची. इथे मी जरा कडक होणार आहे. इसबात भिंतीतला चुनाच ढिला झालेला असतो. ओल बाहेर जाते, बाहेरचं आत येतं. ५०० डाल्टनचा नियम, ‘थेंब सबंध आत जात नाही’ हा दिलासा, सगळं धडधाकट त्वचेचं आहे. तिच्या कोपरात ते लागू नाही. अशा त्वचेवर वासाचं काहीही लावणं म्हणजे अ‍ॅलर्जीला आमंत्रण, आणि नॅनोने ते आमंत्रण घरपोच जातं. लॅव्हेंडर नको, टी ट्री नको, ‘बाळांसाठी खास’ लिहिलेलं सुगंधी क्रीमही नको. दालचिनी आणि लवंगेची तेलं तर कुणाच्याच इसबावर नकोत. बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाच्या तेलातला बर्गॅप्टेन ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी करतो, ते वेगळंच.

तिला हवं आहे ते कंटाळवाणं आहे: बिनवासाचं जाड मलम, दिवसातून दोन-तीनदा आणि कोमट पाण्याच्या छोट्या अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच. चट्टा लाल होऊन खाजत असेल तेव्हा डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइडचं मलम. बहिणीची भीती मला कळते. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने तीव्र स्टेरॉइड चोपडणाऱ्यांचं जे होतं ते तिने कुठेतरी वाचलं असेल. पण मुलाला दिलेलं सौम्य मलम, ठरावीक दिवस, मोजून लावलेलं, ही गोष्टच निराळी. मोजायची रीत सोपी आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. भीतीपोटी लोक इतकं कमी लावतात की इसब आटोक्यात येत नाही, आणि मग महिनाभर रेंगाळत लावत राहतात. ज्याची भीती होती ते भीतीनेच घडवून आणतात. बहिणीने हे डॉक्टरांना सरळ विचारावं: किती दिवस, किती पेरं, थांबवायचं कधी. स्टेरॉइडशिवायचं टॅक्रोलिमससारखं मलमही असतं, पण ते कधी आणि कुणाला हे त्यांनीच ठरवायचं.

तुमच्या मुरुमांबद्दल. खरी चूक टी ट्रीची नसून त्या दहा दिवसांची आहे असं मला वाटतं. अ‍ॅडापलीनने सुरुवातीला चेहरा सोलवटतो, बहुतेकांचा. डॉक्टरांनी ते सांगितलं नसेल, किंवा सांगितलं आणि घाईत राहून गेलं. एक दिवसाआड रात्री, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, आधी किंवा नंतर बिनवासाचा मॉइश्चरायझर, असं सुरू केलं तर ते बऱ्याच जणींना सोसतं. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. दहाव्या दिवशी आरशात फक्त सोलवटणं दिसणार. पण आत्ता लगेच नको. पुरळ पूर्ण जाऊ द्या आणि डॉक्टरांना भेटूनच पुन्हा सुरू करा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर आधी सांगा, तेव्हा हे जेल देत नाहीत. जबड्याच्या कडेने येणारी मुरुमं, पाळीची अनियमितता आणि चेहऱ्यावर वाढलेले केस हे एकत्र असेल तर तेही सांगा. त्यावर वरून काहीही लावलं तरी पुरं पडत नाही.

ज्यांना टी ट्रीचा काही त्रास नाही आणि नॅनोचं जेल वापरायचंच आहे असे वाचकही हे वाचत असतील. त्यांनी बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, तेलाची टक्केवारी आणि उत्पादनाची तारीख शोधावी. तिन्ही नसतील तर बाटली परत ठेवावी. पाच टक्क्यांच्या वर जायचं कारण नाही. चेहऱ्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, किमान सात दिवस, जमलं तर चौदा दिवस लावून पाहावं. एका रात्रीची ‘चाचणी’ उशिरा येणारी अ‍ॅलर्जी पकडत नाही.

राहिली ती खिडकीतली बाटली. फेकू नका, पण आजच तिथून काढा, झाकण घट्ट लावा आणि भाचीचा हात पोचणार नाही अशा बंद कपाटात ठेवा. हे तेल पोटात गेलं तर लहान मूल गुंगतं, त्याचा तोल जातो. घरात मांजर असेल तर तिच्यापासूनही लांब. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाल तेव्हा ती सोबत न्या आणि पॅच टेस्टबद्दल विचारा. पाठीवर चिकटपट्ट्या लावून ४८ तासांनी काढतात आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. त्या दिवसांत पाठ भिजवायची नाही. टी ट्रीचं ऑक्सिडीकरण झालेलं तेल त्यासाठी ५ टक्के प्रमाणात वापरतात. टर्पीनं बऱ्याच तेलांत सामाईक असतात, त्यामुळे शाम्पू, साबण आणि अत्तर यांतलं काय काय टाळायचं हेही त्यातूनच कळेल. जाताना त्या सगळ्यांच्या वेष्टनांचे फोटो काढून न्या.